एकाच बिल्ल्यावर तिघं

"बाई, तुमास्नी कुनी हात लावनार न्हाई. पन भाईर बी सोडनार न्हाई," दार अर्धवट उघडून सिद्रामनं मला सांगितलं. "मशीन तुमची, यादी तुमची. बरोबर यादी निघंल तवा दार उघडंल."

मग चहात साखर किती घेता ते विचारलं, दार ओढलं आणि बाहेरून कडी घातली.

मी संगणकाच्या खोलीत अनवाणी उभी होते. त्या काळी संगणक म्हणजे देव्हाऱ्यातला देव. चपला बाहेर काढल्याशिवाय त्याचं दर्शन होत नसे. माझ्या चपला दाराबाहेर होत्या आणि त्यांच्या पलीकडे व्हरांड्यात, अंगणात, थेट फाटकापर्यंत सगळी सूतगिरणी मांडी घालून बसली होती. खोलीला मोठी खिडकी होती, पण वातानुकूलनासाठी तिची काच कायमची बसवून टाकलेली. बाहेरचे लोक काचेतून आत बघत होते आणि मी बाहेर. प्राणिसंग्रहालयात गेल्यावर आपण नेमके कुठल्या बाजूला असतो, याचा मी त्या दिवशी पहिल्यांदा विचार केला.

ही चौऱ्याण्णव सालातली गोष्ट. गिरणी इचलकरंजीच्या बाजूची, सहकारी. नाव सांगत नाही. मी पुण्यातल्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत होते. गिरणीच्या कामगारांचा प्रोग्रॅम आमच्याकडच्या एका गृहस्थांनी लिहिला होता. ते दुबईला गेले आणि त्यांच्या प्रोग्रॅमची दुखणी माझ्या गळ्यात पडली. चोर सोडून संन्याशाला फाशी, पण हे घेराव घालणाऱ्यांना सांगून काय उपयोग?

झालं होतं असं. गिरणी अडचणीत होती. संचालक मंडळानं ठरवलं की अठ्ठावन्न वर्षं उलटलेल्यांना निवृत्त करायचं आणि उरलेल्यांना कायम करायचं. यादी संगणक काढणार, म्हणजे वशिल्याला वाव नाही. सकाळी यादी फळ्यावर लागली आणि तिच्यात मिसरूड न फुटलेली पोरं निवृत्त झालेली निघाली. एकाची तर हळद चार दिवसांवर आली होती. त्याला मशीननं बासष्ट वर्षांचा ठरवला. आधी लोक पोट धरून हसले, मग हसणं थांबलं आणि दुपारच्या पाळीचं कुणी आत गेलंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कामगार आयुक्तांचा माणूस यादीवर सही करायला यायचा होता. एकदा सही झाली की मग रडून उपयोग नव्हता.

माझ्याबरोबर खोलीत आणखी दोघं अडकली होती. एक गोडखिंडी, गिरणीचे कामगार अधिकारी. त्यांना मधुमेह होता आणि डबा त्यांच्या केबिनमध्ये राहिला होता. त्या दोन गोष्टी ते आलटून पालटून सांगत होते. दुसरी रत्नव्वा. ती वाइंडिंग खात्यातली, म्हणजे सूत गुंडाळायच्या यंत्रांवरची, चाळिशीतली, उंच आणि सावळी. तिला सिद्रामनंच आत बसवलं होतं. "बाईमानूस हाय आत, कुठं जायचं-यायचं झालं तर सोबत बाई पायजे," असं त्यानं सगळ्यांदेखत म्हटलं होतं. माणूस तसा विचारी होता, हे नाकारता येत नाही. तो युनियनचा पुढारी आणि रत्नव्वाचा सख्खा दीर.

"मी हितं बसतो बाई, तुमी करा तुमचं काम," रत्नव्वा म्हणाली. तिकडच्या बायका 'मी बसतो, मी जातो' असंच बोलतात. यादी काढायला येऊन मला दोन दिवस झाले होते, तेवढ्यात त्याची सवय झाली होती. ती भिंतीला टेकून फरशीवर बसली. खुर्ची दिली तरी घेईना.

मी हळद लागणाऱ्या त्या पोराचा बिल्ला नंबर घातला. पडद्यावर त्याच्या बापाचं नाव आलं. दुसऱ्या एकाचा घातला. तिथंही बापच.

"गोडखिंडी साहेब, हे काय आहे?"

"काय म्हणजे? बापाचा बिल्ला पोराला मिळतो," ते म्हणाले. "पितळेचा बिल्ला असतो मॅडम, मशीनवर जाताना छातीला लावायचा. म्हातारा थकला की पोराला तोच लावतात, हळदीकुंकू वाहून. नवा नंबर दिला तर घेत नाहीत. नवा नंबर म्हणजे उपरा माणूस."

"म्हणजे एका नंबरावर दोन-दोन माणसं?"

"कुठं कुठं तीनसुद्धा."

"आणि हे तुम्ही आमच्या कंपनीला सांगितलंत का नाही?"

"तुमच्या त्या माणसानं विचारलं का?"

मला इतका संताप आला, की समोरचा कीबोर्ड उचलून... पण कीबोर्ड गिरणीचा होता आणि गोडखिंडी मधुमेही.

प्रोग्रॅम उघडला. आमच्या दुबईवाल्यांनी सरळ वाट धरली होती. नंबर द्यायचा आणि त्या नंबराची नोंद थेट उचलायची. नंबर एकाचाच असेल तर यासारखी चांगली रीत नाही. पण एका नंबराच्या दोन नोंदी असल्या, तर थेट उचलताना यंत्राच्या हाताला नेहमी पहिली लागते, म्हणजे आधी लिहिलेली, म्हणजे बाप. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून "अहो मगदूम" अशी हाक मारली, की पहिल्या घरातला मगदूम ओ देतो, आतल्या घरांना पत्ताच नाही. दुसरी रीत अशी, की त्या नंबरापाशी जाऊन नुसतं उभं राहायचं आणि तिथून पुढे एकेक नोंद वाचत जायचं, नंबर बदलेपर्यंत. हिला वेळ लागतो, आणि समोर आलेल्या दोघा-तिघांतलं कोण आपलं, ते आपल्याला ठरवावं लागतं.

ते ठरवायचं कशावरून? नोकरी सोडल्याच्या तारखेची जागा नोंदीत होती, पण ती कुणी कधी भरलीच नव्हती. हजेरीही बिल्ल्यावरच लागायची. बिल्ला आला म्हणजे माणूस आला.

मी हे गोडखिंडींना समजावलं. त्यांनी मान हलवली आणि त्यांचं तोंड उजळलं.

"मग सोपं आहे की! पहिला नको तर शेवटचा घ्या. पोरगा नंतरच येणार ना बापाच्या? उलटं वाचा. एक ओळ बदलली की झालं. माझा डबा—"

खरं सांगायचं तर मलाही ते पटलं. उलटीकडून पहिला उचलायचा. मला त्या खोलीतून बाहेर पडायचं होतं. काचेला लावलेली तोंडं, यंत्राची घरघर, थंडीनं आखडलेले तळवे, सगळ्याचा मला वीट आला होता. मी ओळ बदलली. सिद्रामला हाक मारली आणि काचेतून दाखवलं. हळदीचं पोर आता चोवीस वर्षांचं झालं होतं. बाहेर शिट्ट्या वाजल्या.

"बाई, तुमी वाघीन हाय!" सिद्राम दार उघडून म्हणाला. "कसं केलं?"

"शेवटची नोंद घेतली."

"शेवटची," तो म्हणाला आणि क्षणभर थांबला. "बास, बास. हेच बरोबर. आता काढा यादी." कडी पुन्हा लागली.

यादी काढायला लावायच्या आधी मी आणखी चार-सहा नंबर घालून बघत होते. रत्नव्वा उठून माझ्या मागे येऊन उभी राहिली.

"माजा घाला की बाई. चारशे अठरा. बघू तरी कसं दिसतंय नाव."

मी घातला. पडद्यावर आलं: सिद्राम बसाप्पा तेरदाळे.

"काय आलं?"

मी वाचून दाखवलं. मला वाटलं नंबर चुकला. पुन्हा घातला. पुन्हा तेच. मग जुन्या पद्धतीनं पहिली नोंद बघितली: मल्लाप्पा बसाप्पा तेरदाळे.

"ते माजं मालक," ती म्हणाली. "आठ सालं झाली जाऊन."

"मग तुम्ही कुठं आहात?"

"मी मधी आसंन."

मी एकेक नोंद वाचत गेले. मल्लाप्पा. मग रत्नव्वा मल्लाप्पा तेरदाळे. मग सिद्राम. ती खरंच मध्ये होती. समोरून उचला की नवरा, मागून उचला की दीर.

"हे कसं झालं?" मी विचारलं.

"मालक गेल्यावर बिल्ला मला लावला. मग मागं माजा हात मशीनमधी सापडला." तिनं डावा पंजा दाखवला. दोन बोटं वाकडी जुळून आली होती. "लई दिस घरात होतो. बिल्ला रिकामा ठिवायचा न्हाई म्हनून भावजी येत हुते माज्या जाग्यावर. तवा लिवलं आसंल त्यांचं नाव. हात बरा झाला तशी मी आलो कामाला. तवापास्नं मीच हाय. भावजी युनियनचं बघत्यात."

"म्हणजे काम तुम्ही करता."

"दुसरं कोन करनार?"

गोडखिंडी आमच्याकडे बघत नव्हते. ते बाहेर बघत होते, आणि कान मात्र आत होते.

"साहेब, तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"मॅडम," ते हळू आवाजात म्हणाले, "शे-दोनशे पोरं मार्गी लागतायत. एक बाई. ती त्याच घरात राहते, भाकरी तिथंच खाते. बिल्ला घरातच राहतोय ना? कशाला खाजवून खरूज काढता? सिद्राम यादीत नसला तर उद्या तो कामगार नाही, म्हणजे युनियनचा पुढारीही नाही. आणि तो पुढारी राहिला नाही, तर आपल्याला या खोलीतून कोण काढणार?"

शेवटचं वाक्य अगदी खरं होतं, म्हणूनच मला त्यांचा राग आला. इकडे आड, तिकडे विहीर. पहिली पद्धत लावली तर पोरं मेली, शेवटची लावली तर ही. मी रत्नव्वाकडे पाहिलं. ती पुन्हा भिंतीशी जाऊन बसली होती.

"तुमचं काय म्हणणं आहे?"

"माजं काय म्हननं? मला पोर न्हाई, बाळ न्हाई. माहेर न्हाई. मी त्यांच्या दारात हाय." मग म्हणाली, "कामावर आलं की बरं वाटतंय. तेवडंच."

मी दारावर थाप मारली. सिद्राम आला.

"शेवटची नोंद चालणार नाही," मी म्हटलं. "ज्या ज्या नंबरावर एकापेक्षा जास्त माणसं आहेत, तो प्रत्येक नंबर मी वाचणार. नावं तुम्ही बाहेर ओरडायची. कोण कामाला आहे ते लोकच सांगतील. तसा आकडा मी दाबीन."

त्यानं माझ्या खांद्यावरून आत रत्नव्वाकडे पाहिलं. तिनं पाहिलं नाही. त्याला नाही म्हणता आलं असतं. पण दार उघडं होतं, उंबऱ्यापाशी बसलेल्यांनी ऐकलं होतं, आणि 'व्हय व्हय, आमी सांगतो की' असा गलका मागपर्यंत गेला.

प्रोग्रॅम पुन्हा बदलायला दुपार सरली. नंबरापाशी उभं राहायचं, वाचत जायचं, नंबर बदलला की थांबायचं, पडद्यावर एक, दोन, तीन अशी नावं मांडायची आणि आकड्याची वाट बघायची. मग आमचा तो विलक्षण बाजार सुरू झाला.

"बावीस!" सिद्राम उंबऱ्यात उभा राहून ओरडायचा. "एक, आप्पासो चौगुले. दोन, सुभाष चौगुले!"

"आप्पा गेला! सुभाष हाय! दोन!"

"सदतीस! एक, बाळू कोष्टी. दोन, बाळू कोष्टी!"

"आरं, आजा आन् नातू! नातवाला धरा!"

हशा पिकायचा. म्हाताऱ्यांची नावं निघाली की कुणीतरी त्यांची एखादी आठवण काढायचं, कुणी डोळे पुसायचं. कोण कधी मेला, कुणाचं पोरगं कधी लागलं, सगळं त्या अंगणाला तोंडपाठ होतं. एकदाच भांडण झालं, दोन भावांचं. तेही त्यांच्या आईनं मिटवलं. मी आकडे दाबत होते आणि नंबर चढत होते. तीनशे. साडेतीनशे. सिद्रामचा आवाज बसत चालला होता. तो घशामुळे, की आणखी कशामुळे, कोण जाणे.

चारशे अठरा आला.

मी वाचलं, "एक, मल्लाप्पा तेरदाळे. दोन, रत्नव्वा तेरदाळे. तीन, सिद्राम तेरदाळे."

सिद्राम ओरडला नाही. तो आत वळला आणि मलाच ऐकू येईल असं म्हणाला, "तीन दाबा. म्होरं चला."

"आधी बाहेर विचारा."

"ते माज्या घरातलं हाय बाई. ह्या बिल्ल्यासाठी मी हिच्या जाग्यावर राबलोय. मी नसतो तर बिल्ला तवाच मेला असता. तुमाला काय म्हाईत? तुमी सांच्याला पुन्याला जानार."

त्याच्या म्हणण्यात खोटं काही नव्हतं. तो राबला होता, आणि मी पुण्याला जाणार होते. पण तो तेव्हा राबला होता, आणि ती रोज राबत होती.

"मॅडम, दाबा ना," गोडखिंडी कण्हले.

"काय झालं? फुडचा नंबर बोला की!" बाहेरून ओरड आली.

माझं बोट तीनवरही नव्हतं आणि दोनवरही. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. मी काही शूर बाई नव्हे. दोन दाबला आणि या माणसानं दार लावून घेतलं तर? आणि तीन दाबला तर यादी लागेपर्यंत बाहेर कुणाला कळणारही नव्हतं. कळणार फक्त या खोलीतल्या चौघांना.

मागे कापडाची सळसळ झाली. रत्नव्वा उठली होती. ती माझ्या खुर्चीमागून पुढे आली आणि दाराकडे निघाली.

"वैनी, तुमी बसा," सिद्राम म्हणाला.

ती उंबऱ्यात त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. त्या अंगणात ती कधी मोठ्यानं बोलली नसावी, कारण पहिल्यांदा आवाज फुटलाच नाही. दुसऱ्यांदा फुटला.

"चारशे अठरा!"

अंगण गप्प झालं. ज्या अंगणानं मेलेल्या आजांचे वाढदिवस सांगितले असते, ते अंगण आता एकमेकांच्या तोंडाकडे बघत होतं. सगळ्यांना माहीत होतं. सिद्रामसमोर कोण बोलणार? वाइंडिंगच्या बायका एका कोपऱ्यात होत्या. त्यांच्यातल्या एकीनं पदर सावरला, तोंड उघडलं आणि शेजारणीनं तिचा हात दाबला. तिचं तोंड मिटलं.

रत्नव्वा थांबली. आपल्यासाठी कुणी ओरडेल म्हणून ती किती वेळ थांबली, ते मला सांगता येणार नाही. मला तो वेळ फार वाटला. मग ती तशीच उंबऱ्यात उभी राहून आत वळली. सिद्रामकडे नाही, माझ्याकडे.

"दोन," ती म्हणाली.

मी दोन दाबला.

सिद्रामनं पडद्याकडे पाहिलं. इतका वेळ 'वैनी, तुमी' म्हणणारा तो माणूस अगदी शांतपणे म्हणाला, "मग आता घरला ईऊ नगंस."

तो उंबऱ्यातून खाली उतरला आणि गर्दीतून सरळ फाटकाकडे गेला. पुढचे नंबर ओरडायला दुसरं कुणी पुढे होईना, तेव्हा तिनंच ओरडायला सुरुवात केली. तिला वाचता येत नव्हतं. मी नावं सांगायची आणि ती ती मोठ्यानं म्हणायची. हळूहळू उत्तरं येऊ लागली. शेवटच्या शेवटच्या नंबरांना कुणीतरी पुन्हा हसलंसुद्धा.

दिवेलागणीला यादी छापून फळ्यावर लागली. घेराव आपोआप सुटला. लोकांनी माझ्याशी हात मिळवले, हळदीच्या पोरानं लग्नाचं आमंत्रण दिलं. गोडखिंडींनी केबिनमध्ये जाऊन उभ्या उभ्याच डबा खाल्ला. मला स्टँडवर सोडायला गिरणीची जीप तयार होती. मी पिशवी घेऊन आले, तर जीपशेजारी रत्नव्वा उभी. अंगणातल्या बायका एव्हाना घरोघर पांगल्या होत्या. तिला बरोबर घेऊन कुणी गेलं नव्हतं.

"मला बी सोडता का बाई?"

"बसा ना."

ती माझ्या शेजारी बसली. मांडीवर दोन्ही हात ठेवले, वाकडी बोटं सरळ हाताखाली झाकली. जीप फाटकाबाहेर पडली. समोर तीन रस्ते होते. ड्रायव्हरनं गाडी हळू केली.

"कुठं सोडू, मावशी?"

तिनं डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मी काही बोलणार होते, पुण्याला चला वगैरे, पण तसलं काही तोंडातून निघालं नाही हे बरंच झालं.

"लांब नगं," ती म्हणाली. "हितंच कुटंतरी सोड. सकाळी सातला पाळी हाय."